प्रॉम्टर मामाजींचं एक वाक्य

मागच्या महिन्यात नागपूरला आम्हा गटवाल्या बायांचं एक प्रशिक्षण झालं. मागे बॅनर होता, त्यावर ‘प्रभावी सादरीकरण’ असं लिहिलेलं. शिकवायला आलेला माणूस कडक इस्त्रीचा, कानावरून गालापर्यंत बारीक माईक लावलेला. समोर बघा, हसा, हात मोकळे ठेवा, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, डोळे मिटा आणि ‘मी आत्मविश्वासानं भरलेली आहे’ असं मनातल्या मनात तीनदा म्हणा. आम्ही सगळ्यांनी गुमान म्हटलं. नंतर त्यानं विचारलं, तुमच्यापैकी कोणाला आधीपासून भाषण येतं? माझ्या बाजूच्या बाईनं माझाच हात धरून वर केला. तो म्हणाला, वा ताई, कुठे शिकलात?

मी म्हटलं, धुऱ्यावर.

सगळे हसले. धुरा म्हणजे दोन बांध्यांच्या, भाताच्या वाफ्यांच्या, मधली चिखलाची पायवाट, हे त्याला कोणीतरी सांगितलं तेव्हा तोही हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. मला असा राग आला म्हणून सांगू. मी थट्टा केलीच नव्हती. दिवसभर माझं लक्ष लागलं नाही, परतीच्या बसमध्येही मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. आता घरी बसून तेच लिहायला घेतलंय, कारण त्या माणसाला ऐकायला वेळ नव्हता आणि मला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या आसगावात तुळशीराम भुरे नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांना त्या नावानं हाक मारली तर त्यांची म्हैससुद्धा ओळखणार नाही. लहानथोर सगळे त्यांना प्रॉम्टर मामाजी म्हणतात. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नाटकातले नट कोणी दुकानदार, कोणी शेतकरी. तालमी होतात दोन, फार तर तीन. एवढ्यात तीन अंकांचं नाटक कोणाच्या बापाला पाठ होणार? म्हणून विंगेत एक माणूस वही धरून उभा असतो. तो आधी बोलतो, नट मागून बोलतो. मामाजींनी चाळीस वर्षं हे काम केलं. राजे, पाटील, पोलीस इन्स्पेक्टर, विधवा सासू, सगळ्यांची वाक्यं आधी त्यांच्या तोंडून गेली आणि लोकांनी टाळ्या दुसऱ्यांनाच दिल्या.

दिसायला किरकोळ. लांब मान आणि मानेला बाराही महिने मफलर, का तर गळा सांभाळायचा. पण गळ्यातून आवाज असा कधी निघायचाच नाही. ते कुजबुजत बोलायचे. किराणा दुकानात काडेपेटी मागायची तरी कुजबुज, घरात पाणी मागायचं तरी कुजबुज. मात्र ती कुजबुज वीस हातांवर सरळ कानात यायची. पहिल्यांदा ऐकणारा मागे वळून बघायचा, आपल्या खांद्याशी कोण उभं आहे म्हणून.

आणि बसायचे नाहीत. हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नव्हता. जेवतानासुद्धा ताट हातात धरून अंगणात येरझाऱ्या. मामीजींनी काही वर्षं पाट मांडला, मग नाद सोडला. त्यांच्या घरी गेलं की आपल्यालाही उभंच राहावं लागायचं आणि मान इकडून तिकडे फिरवून दुखायची.

सगळ्यात वाईट खोड ओठांची. आपण त्यांच्याशी बोलायला लागलो की त्यांचे ओठ हलायचे, आणि ते आपल्या एक शब्द पुढे असायचे. मी ‘मामाजी, उद्या’ म्हटलं की त्यांच्या ओठांवर ‘गटाची मिटिंग’ येऊन गेलेलं असायचं. मी चिडून मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायचे. तर तेही त्यांच्या ओठांवर आधीच. आपलं स्वतःचं असं काही बोलणं उरलंच नाही की काय, असं वाटून माणूस बेचैन व्हायचा.

मी त्यांच्याकडे बोलायला शिकायला गेले ती गरजेपोटी. आमचा गट चिन्नोर पिकवतो, तो बारीक दाण्याचा, वासाचा तांदूळ. भंडाऱ्याला खरेदीदारांचा मेळावा होता, प्रत्येक गटाला बोलायला पाच मिनिटं मिळणार होती, आणि बायांनी माझं नाव दिलं. का, तर वंदनाचं तोंड चालतं. चालतं, पण घरात. ग्रामसभेत एकदा हातात माईक दिला होता, तेव्हा मी ‘नमस्कार’ म्हटलं आणि माईक परत करून टाकला. नवऱ्यानं त्या नमस्काराची नक्कल वर्षभर केली.

मामाजींनी आधी माझा मोबाईल मागितला. मी मोठ्या हौसेनं त्यावर बावीस स्लाइड तयार केल्या होत्या. बांधीचे फोटो, गटाचं रजिस्टर, पाहुण्यांचे सत्कार, सगळं होतं. ते चालता चालता एकेक सरकवत राहिले.

“हे कोन वाचनार?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, समोरचे लोक.

“मंग तू कायले जाऊन राहिली? हे पाठवून दे ना.”

मला अस्सा राग आला. पण रात्रीतून बावीसच्या तीन झाल्या.

शिकवायची जागा म्हणजे त्यांच्या बांधीचा धुरा. ते पुढे चालायचे, मी मागून चालत बोलायचं. पावसाळ्याचे दिवस, धुरा निसरडा. पायाकडे बघितलं की शब्द जायचे आणि शब्दांकडे लक्ष दिलं की पाय जायचा. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा चिखलात बसले. ते मागे वळायचेसुद्धा नाहीत. नुसते थांबायचे आणि मी उठून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की चालायला लागायचे. त्यांचं म्हणणं असं की घाबरलेला माणूस आधी पायानं पळतो आणि मग जिभेनं. पाय टेकला की जीभही टेकते. विद्यार्थ्याला ते ‘पात्र’ म्हणायचे. शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या पोरींपासून सरपंचबाईंपर्यंत गावातली सगळी पात्रं त्या धुऱ्यावर घसरून झालेली आहेत.

त्यांचं सगळ्यात आवडतं सांगणं म्हणजे वाक्याची शेपटी गिळू नको. आपण बाया वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटाला येईपर्यंत आपणच त्याला घाबरतो. ‘आमचा तांदूळ चांगला आहे’ यातलं ‘आहे’ पोटात जातं. ते म्हणायचे, मग समोरच्याला काय समजायचं, आहे की नाही? अजूनही मी कुठे बोलायला लागले की ‘आहे’ जरा ठोकूनच म्हणते. लोकांना वाटतं बाई भांडखोर आहे. असू दे.

धुरा झाला की दुसरी शाळा दयारामजींच्या चक्कीवर. चक्की सुरू असताना मशीनच्या बाजूला उभं राहून बोलायचं आणि ते दारात उभ्या असलेल्या मामाजींना समजलं पाहिजे. ओरडायचं नाही, तोंड नीट उघडून एकेक शब्द सुटा करायचा. दयाराम हटवार म्हणजे धिप्पाड माणूस, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. बोलायचा नाही. बोटानं डबा कुठे ठेवायचा ते दाखवायचा, बोटानंच झालं म्हणून सांगायचा. मामाजी रोज तिथे एक छोटा डबा घेऊन यायचे, त्यात असतील नसतील अर्धा किलो तांदूळ. ते दळून होईपर्यंत मशीनसमोर इकडून तिकडे फेऱ्या मारायचे आणि त्यांचे ओठ हलत राहायचे. पट्टा थांबला, आवाज बंद झाला की ओठही बंद. डबा उचलायचा, “झालं का?” एवढं विचारायचं आणि चालू पडायचं. दोघांचं बोलणं म्हणजे तेवढंच. मामीजी एकदा वैतागून मला म्हणाल्या की दोन माणसांच्या घरात पिठी ठेवायला डबे उरले नाहीत, शेवटी म्हशीला चारते. मला तेव्हा काही उमजलं नाही. मला वाटलं, म्हातारपणाची सवय.

दयारामजींची गोष्ट गावातले जुने लोक अजून रंगवून सांगतात. झाडीपट्टीतल्या कितीतरी गावांत त्यांच्या नावावर नाटकाला माणसं बैलगाड्या जुंपून यायची म्हणे. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचा. पण पाठ एक ओळ नाही. सगळा भरवसा विंगेतल्या तुळशीरामवर. कानात आलं की तोंडातून बाहेर, मध्ये कुठे थांबा नाही. एकदा ते राजा झाले होते, भर दरबारात धोतर सुटायला लागलं. विंगेतून मामाजी कुजबुजले, “डावीकडं सरक, धोतर सुटून राहिलं.” राजानं प्रधानाकडे हात करून भरदार आवाजात सांगितलं, “डावीकडं सरक, धोतर सुटून राहिलं!” प्रधान बिचारा स्वतःचं धोतर धरून डावीकडे सरकला. लोकांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मामाजी ही गोष्ट सांगताना हसायचे, पण हसू अर्ध्यात आवरतं घ्यायचे आणि चालायला लागायचे.

कारण त्याच माणसाचं पुढे काय झालं हेही गावाला माहीत होतं. एका मंडईला मामाजींना ताप आला, ते जाऊ शकले नाहीत. बदली माणूस मिळाला तो वाचायचा घाईत, दयारामजींना ओळ सापडेना. ते मधोमध उभे राहिले, पहिल्या प्रवेशातच. लोकांनी आधी वाट पाहिली, मग शिट्ट्या, मग हसणं, मग नको ते. दयारामजी तोंडाला रंग तसाच ठेवून मागच्या बाजूनं निघून गेले. त्यानंतर त्यांनी चक्की टाकली. नाटक सोडाच, ते कधी मंडईलाही फिरकले नाहीत. चक्कीच्या आवाजात कोणी कोणाशी बोलत नाही, ते त्यांना बरं पडलं असावं.

मेळाव्याच्या दिवशी मामाजी माझ्यासोबत भंडाऱ्याला आले. मीच हट्ट धरला होता. आमचं ठरलं होतं की ते तिसऱ्या रांगेच्या कडेला उभे राहतील, मी अडकले तर त्यांच्या ओठांकडे बघायचं. हे खरं त्यांच्या शिकवण्यात बसत नव्हतं, पण माझं रडकुंडीला आलेलं तोंड पाहून ते हो म्हणाले. माझ्या आधीच्या गटाचे एक गृहस्थ स्लाइडकडे तोंड करून ती वाचत होते, लोक मोबाईल बघत होते. मग माझं नाव आलं. पहिली स्लाइड झाली. दुसऱ्या स्लाइडला मशीन अडकलं, पडदा निळा झाला आणि माझं डोकंही निळं झालं. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. दार अजून हलत होतं.

मी तुम्हाला खरं सांगते, मला भीती वाटली नाही, संताप आला. त्या संतापात मी स्टेजवरून खाली उतरले, पिशवीतला तांदूळ काढला, पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड व्यापाऱ्याच्या हातावर मूठभर ठेवला आणि म्हटलं, वास घ्या. त्यानं घेतला. मी म्हटलं, हा वास शिजताना शेजारच्या घरात जातो, म्हणून आमच्याकडे पाहुणा आला की शेजाऱ्यापासून लपवता येत नाही. लोक हसले. मग मी बोलतच सुटले, कोणती बांधी, कधी रोवणी, भेसळ कशी होते आणि आम्ही ती का होऊ देत नाही. एकही शेपटी गिळली नाही. त्या व्यापाऱ्यानं पुढे तीन महिन्यांसाठी आमचा माल नेऊन बघितला आणि अजून नेतो आहे.

बाहेर आले तर मामाजी पाण्याच्या टाकीभोवती गोल फिरत होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत होते, आणि ओठ हलत होते, माझी शिवीसुद्धा त्यांना आधी कळत होती. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले की मी होतो तोवर तू माझ्याकडेच बघत होतीस, निघून गेलो म्हणून लोकांकडे बघितलंस. बरोबर होतं. त्यानं आणखीच राग आला.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. सगळ्या सीट रिकाम्या आणि हा माणूस दांडा धरून उभा. अड्याळचा थांबा गेला तेव्हा ते वाकून माझ्या कानाशी आले.

“तुले सोडून गेलो तं तू उभी रायली,” ते म्हणाले. “दयारामले सोडून गेलो तं तो पडला. सोडून जानं एकच. मंग मी बराबर केव्हा होतो?”

मी म्हटलं, तुम्हाला ताप होता मामाजी, तुम्ही काय सोडून गेलात.

“ताप नव्हता.”

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दुसऱ्या एका मोठ्या नावाच्या मंडळानं त्यांना बोलावलं होतं. पत्रकावर प्रॉम्टरचं नाव छापतो म्हणाले होते. प्रॉम्टरचं नाव कोण छापतो? यांनी दयारामजींना निरोप पाठवला, ताप आहे, आणि तिकडे गेले. नाव छापलं होतं, चुकीचं. आणि इकडे दयारामजी मधोमध उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दयारामजीच यांना भेटायला आले आणि विचारलं, तुझा ताप कसा आहे. त्या प्रश्नाला हे ‘उतरला’ म्हणाले. तेव्हापासून हे त्यांच्यासमोर बसलेले नाहीत. कोणासमोरच बसलेले नाहीत.

तर असं होतं ते. सगळ्या गावाला बोलायला शिकवणाऱ्या या माणसाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ‘दयाराम, मले ताप नव्हता.’ रोज डबा घेऊन तो ते बोलायलाच जायचा. मशीन सुरू असताना बोलायचा, कारण तेव्हा ऐकू जात नव्हतं. मशीन बंद झालं की शेपटीच काय, अख्खं वाक्य गिळून घरी यायचा आणि म्हैस पिठी खायची.

आता मला स्वस्थ बसवेना. मी उलटी शाळा सुरू केली. मी धुऱ्यावर पुढे आणि मामाजी मागे. चला पात्र, बोला. ते कुजबुजायचे. मी म्हणायचे, ऐकू आलं नाही. ते पुन्हा कुजबुजायचे. एवढं पोटात असलेला माणूस, पण गळ्याला आवाजाची सवयच नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, जाऊ द्या, मीच सांगून टाकते त्यांना. मामाजी तिथेच थांबले.

“माह्या तोंडचं एकच वाक्य आहे, बाई,” ते म्हणाले. “ते बी तूच बोलशील?”

मी तो विषय सोडला. त्यात कातणीच्या, म्हणजे भातकापणीच्या, सुमारास कळलं की दयारामजी चक्की विकून तुमसरला लेकीकडे राहायला चालले आहेत. गुडघे गेले होते, पट्टा चढवणं होत नव्हतं. मामाजींच्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या की अंगणात वाट पडली. डबा दिवसातून दोनदा जायला लागला. मामीजींनी मला निरोप पाठवला की काय ते एकदाचं कर बाई, या माणसाचे पाय झिजून जातील.

मी एक युक्ती केली. गटाची वार्षिक सभा होती, दुपारची, समाजमंदिरात. त्यात मामाजींचा सत्कार ठेवला. मामाजी म्हणाले, दयाराम स्टेजवर असेल तरच येतो. मी चक्कीवर गेले. दयारामजींनी मशीन बंद केलं, खूप वेळ पिठाचे हात झटकत राहिले आणि म्हणाले, येतो, पण मले कोनी माईक देऊ नका. मी शब्द दिला. मग मी आणि मामाजींनी मिळून त्यांचं भाषण लिहिलं, चार वाक्यांचं. त्यांना ते पाठ आणि मलाही पाठ. चौथं वाक्य तेच होतं.

सभेला माणसं बरीच होती. शाल झाली, नारळ झाला. दयारामजी स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर, पण इतक्या वर्षांच्या पिठामुळे की काय, भुवया तरीही पांढऱ्याच. माईकचा दांडा त्यांच्या अगदी बाजूला. मी पहिल्या रांगेत. मामाजी येरझाऱ्या सोडून माईकपाशी आले आणि उभे राहिले. नुसते उभे. पाय हलेनात. सतत येरझाऱ्या घालणारा माणूस खांबासारखा थांबला होता. मफलर हातात धरलेला, ओठ घट्ट. मागे कोणीतरी खोकलं. एक बाई पोराला गप्प करत होती. मला भंडाऱ्याची रिकामी जागा आठवली आणि वाटलं आपणही उठून जावं, म्हणजे हे बोलतील. पण मग मला ती दुसरी गोष्ट आठवली, जिथे सोडून गेल्यावर माणूस पडला होता. मला काही ठरवता येईना. माझ्यानं राहवलं नाही. मी पहिलं वाक्य कुजबुजले.

मामाजींनी ऐकलं. डोळ्यांची उघडझाप केली. आणि चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय म्हणू, त्यांच्या कानात शब्द आले तसे ते स्वतःच्या तोंडानं बोलले नाहीत. ते बाजूला वाकले आणि दयारामजींच्या कानात कुजबुजले.

आणि दयारामजी उठले. मी शब्द दिला होता की कोणी माईक देणार नाही. कोणी दिला नाही. त्यांना माईक लागलाच नाही.

“गावकऱ्यांनो, मी तुळशीराम भुरे.”

सगळं समाजमंदिर हललं. लोक आधी हसले, मग कोणीतरी हसणाऱ्यांना गप्प केलं. म्हातारी माणसं खुर्चीतून पुढे सरकली. तो आवाज त्यांनी कितीतरी वर्षांनी ऐकला होता. मामाजी कुजबुजले, दयारामजी बोलले, “मी जिंदगीभर दुसऱ्याच्या तोंडानं बोललो.” मग तिसरं, “त्यातलं सगळ्यात मोठं तोंड दयारामचं होतं.” दोघांनाही कळत नव्हतं आपण काय करतो आहोत. एक देत होता, एक घेत होता, मध्ये कुठे थांबा नाही.

चौथ्या वाक्यापाशी मामाजी थांबले. मी कुजबुजले. त्यांनी हाताचा पंजा माझ्याकडे उघडून मला थांबवलं. आपलं पाप त्या माणसाच्या तोंडात घालणं त्यांच्यानं होईना, आणि स्वतःच्या तोंडात ते येईना. ते मागे सरकले, खुर्चीला अडखळले आणि खाली बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दयारामजी मधोमध उभे. पुन्हा तसेच, ओळीशिवाय. देवा, मीच हे करून बसले, असं झालं. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी हललंही नाही. दयारामजींनी कान मामाजींकडे केला, वाट बघितली, काही आलं नाही. मग त्यांनी एक पाय जरा पुढे टेकवला आणि लोकांकडे बघितलं.

“पुढचं हा सांगत नाही,” ते म्हणाले. आता आवाज राजाचा नव्हता, चक्कीवाल्याचा होता. “मी सांगतो. त्या दिवशी याले ताप नव्हता. मले तवाच मालूम झालं होतं. हा रोज येते, अर्धा किलो तांदूळ आनते. घरी पिठी कोनी खात नाही, तेबी मले मालूम आहे. याले काय बोलाचं आहे समजत होतं. हा ते बोलला तं उद्यापासून येनार नाही, मनून मी चक्की चालू ठेवत होतो.”

एवढं बोलून ते थांबले. पण खाली बसले नाहीत. पुढे बोलायला लागले, जुन्या मंडईंचं, धोतराचं, कोणत्या गावात काय झालं त्याचं, आपल्या मनानं, अडखळत, मध्ये मध्ये ओळ शोधत. लोक ऐकत होते.

मी मात्र मामाजींकडे बघत होते. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, मफलर मांडीवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ओठ हलत होते. मी नीट बघितलं. दयारामजी आधी एक शब्द बोलायचे, आणि तो शब्द मागून मामाजींच्या ओठांवर यायचा.